पारा फारसा चढलेला नाही, तरी वणव्याचा धोका 'अतिजास्त' कसा?

उतारवस्ती

नमस्कार मंडळी. उन्हाळा सरत आलाय. पुढच्या आठवड्याचा अंदाज असा: कमाल ३० ते ३२ अंश, आकाश निरभ्र, वारा ताशी १० ते १५ किमी, पाऊस नाही. उष्णतेची लाट जाहीर झालेली नाही. चार दिवसांपूर्वी ६ मिमी पाऊसही पडून गेला. तरीही वणव्याच्या धोक्याची पातळी 'जास्त'वरून 'अतिजास्त'वर नेली आहे. जुलैमध्ये ३६ अंश होतं तेव्हा ती याहून खाली होती. हे गणित कसं बसतं?

जागा: उत्तर गोलार्ध, नैऋत्येकडे तोंड केलेला उतार, सरासरी २० अंशांचा. तळाशी दरी आणि ओढा, वर सोंडेवर पाइनची झाडी, मध्ये झुडपं. घरं उताराच्या साधारण मधोमध आहेत आणि गाडीरस्ता एकच आहे. घरांच्या खालच्या अंगाला गुडघाभर गवत, सगळं पिवळं पडलेलं. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते: पहाटे ओढ्यापाशी ११-१२ अंश असतं, घरांपाशी मात्र १९ च्या खाली जात नाही.

नेमके कोणते आकडे रोज बघायचे आणि या आठवडाभरात घरांभोवती काय करणं शहाणपणाचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

कोरडीओली

पातळी बरोबर लावली आहे. तापमानाचा आकडा बाजूला ठेवलात तर गणित लगेच बसेल. आग कशी पेटेल आणि पळेल हे जळणात पाणी किती उरलंय यावर ठरतं, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते तळाला गेलेलं असतं.

वाळक्या जळणाचे जाडीप्रमाणे चार गट करतात. ६ मिमीपेक्षा बारीक, म्हणजे गवत, पाइनच्या सुया, पाचोळा, हे 'एक तासाचं' जळण. ६ ते २५ मिमीच्या काटक्या 'दहा तासांच्या', २५ ते ७५ मिमीच्या फांद्या 'शंभर तासांच्या' आणि ७५ ते २०० मिमीचे ओंडके 'हजार तासांचे'. हे तास म्हणजे पूर्ण वाळायला लागणारा वेळ नव्हे. जळणातला ओलावा आणि भोवतालच्या हवेशी जुळणारा ओलावा यांच्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ६३% भाग कमी व्हायला लागणारा वेळ. हजार तास म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. म्हणून जुलैच्या ३६ अंशांत गवत जरी कडकडीत असलं तरी पडलेले ओंडके, जमिनीवरचा कुजका थर आणि उभ्या झुडपांची पानं यांत मागची ओल शिल्लक होती. आता ती नाही. तेव्हा आग वरवर धावून विझली असती, आता ती जाड जळणात शिरते, जास्त तापते आणि झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते.

६ मिमी पावसाचं म्हणाल तर पाइनच्या दाट छत्राखाली त्यातला बराचसा पाऊस सुयांवरच अडकून वाफ होऊन गेला असणार. उघड्या गवताची ओल एका दुपारीत उडते. वणव्याचा धोका मोजायच्या कॅनडाच्या एफडब्ल्यूआय पद्धतीत, जी युरोपातही वापरली जाते, हाच विचार आकड्यांत बसवलाय. बारीक जळणाचा निर्देशांक अर्धा मिमीच्या वरच्या पावसाला दाद देतो, जमिनीवरच्या कुजक्या आच्छादनाच्या मधल्या थराचा दीड मिमीच्या वर, आणि खोल थराचा, म्हणजे दुष्काळ निर्देशांक, २.८ मिमीच्या वर. हा खोल थर इतका सुस्त असतो की ६ मिमीने त्याचा आकडा जेमतेम हलतो आणि चार दिवसांत होता तिथे येतो.

आता हवेकडे या. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर फिरते, त्यामुळे ती एकटी बघून फसगत होते. दवबिंदू बघा, म्हणजे हवा थंड होत गेली तर ज्या तापमानाला दव धरू लागेल तो आकडा. समजा दवबिंदू दिवसभर ८ अंशांवर स्थिर आहे. २० अंशांना आर्द्रता ४६% येते, ३२ अंशांना तीच हवा २२ ते २३% दाखवते. हवेत पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो. ढोबळ मानाने तापमान ११ अंशांनी वाढलं की आर्द्रता निम्मी होते. हवेची 'तहान' मोजायची तर बाष्पदाबातली तूट बघा: २० अंशांना ती सुमारे १.३ किलोपास्कल होती, ३२ अंशांना ३.७. जवळपास तिप्पट. आता जुलैतली ३६ अंशांची हवा घ्या, दवबिंदू १८. आर्द्रता ३५% येते. म्हणजे पारा चार अंशांनी वर असूनही बारीक जळण आजच्यापेक्षा ओलसर.

वाळक्या गवतात ५% च्या आसपास ओलावा उरला की पडेल ती ठिणगी धरते. १२ ते १५% च्या वर गेला की विरळ गवतातली आग पुढे सरकेनाशी होते. मधला पट्टा हाच रोजच्या निर्णयाचा.

रोजची नोंद दोनच आकड्यांची ठेवा, दुपारी ३ ची किमान आर्द्रता आणि पहाटेची कमाल आर्द्रता. रात्रीतून ती ५० ते ६०% च्या वर चढली तर बारीक जळण थोडं सावरतं. ३०-३५% वरच अडकली, तर दुसऱ्या दिवशीची आग सकाळी नऊलाच दुपारच्या जोमाने जळू शकते. माझ्या मते पहाटेचा आकडा दुपारच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

---

उतारवस्ती

फारच उपयोगी. आर्द्रता स्वतः मोजायची तर कशाने? मोबाइलवरचा आकडा दरीतल्या केंद्राचा येतो.

---

कोरडीओली

दरीतला आकडा तुमच्या उताराला चालणार नाही. हाताने फिरवायचा कोरडा-ओला तापमापक पुरेसा आहे: शेजारी शेजारी दोन तापमापक, त्यातल्या एकाला ओली वात गुंडाळलेली. ओल्या बाजूची वात स्वच्छ पाण्याने भिजवा. मळकी किंवा खाऱ्या पाण्याची वात वाफ होऊ देत नाही आणि आर्द्रता खोटी वाढलेली दाखवते. सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून, हात शरीरापासून लांब ठेवून मिनिटभर फिरवा, आधी ओला पारा वाचा, मग कोरडा. ओला पारा उतरायचा थांबेपर्यंत पुन्हा फिरवा.

या दोन आकड्यांवरून आर्द्रता काढायचा तक्ता मात्र तुमच्या उंचीचाच घ्या. कोरडा ३१, ओला १७ असेल तर समुद्रसपाटीच्या तक्त्यात २२% मिळतात, १,५०० मीटरच्या तक्त्यात २६%. हवेचा दाब कमी म्हणून हा फरक. हातातलं डिजिटल यंत्र वापरलंत तर ते उन्हात धरू नका आणि खिशातून काढल्या काढल्या वाचू नका. दोन-तीन मिनिटं हवेत राहू द्या.

काटक्यांतला ओलावा बघायचा असेल तर बोटाएवढ्या वाळक्या काटक्या दुपारी गोळा करून हवाबंद डब्यात भरा, लगेच वजन करा, मग १०५ अंशांना २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. समजा १४८ ग्रॅमचे १३० झाले, तर १८ भागिले १३०, म्हणजे १३.८%. ओल्या वजनाने भागलं की १२.२% येतात आणि सगळे तक्ते चुकतात. ही चूक सर्रास होते. डब्याचं वजन वजा करायलाही विसरू नका.

---

वाराखूण

कोरडीओली यांच्याशी सहमत. पण मूळ प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे: ओढ्यापाशी ११, घरांपाशी १९. ही वस्ती उताराच्या उबदार पट्ट्यात आहे.

निरभ्र, शांत रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घरंगळत दरीत साचते. दरीच्या तळाशी थंड हवेचा थर तयार होतो, त्याच्या वर तापमान उलटं, म्हणजे वाढत जातं. या थराचा माथा उताराच्या मधल्या एक तृतीयांश भागाला टेकतो, तिथे रात्रभर उबदार आणि कोरडी हवा राहते. दरीत दव पडतं, आग मंदावते. मधल्या पट्ट्यात ती रात्रभर चालू राहते. 'रात्र झाली, आता थंडावेल' हा भरवसा या पट्ट्यात कामाचा नाही. दरीतला आकडा बघून निर्धास्त राहणं इथे खरंच धोक्याचं आहे.

सकाळी याच्या उलट फसगत होते. धूर दरीत चादरीसारखा आडवा पसरलेला दिसतो, ज्वाळा बुटक्या असतात, आग शमल्यासारखी वाटते. ऊन चढलं की साधारण दहा ते बाराच्या दरम्यान तो थर फुटतो. वरचा कोरडा वारा खाली पोचतो, आर्द्रता पटकन पडते, आडवा धूर उभा राहू लागतो. अर्ध्या तासात आगीचं रूप पालटतं. थर फुटण्याची खूण डोळ्यांनी ओळखता येते: धूसर आडव्या पट्ट्याला मध्येच भोक पडतं, धुराचा एखादा खांब सरळ वर जातो, आणि इतका वेळ स्वस्थ असलेली पानं झुळुकांनी हलू लागतात.

दिवसाचं वाऱ्याचं वेळापत्रक असं. ऊन पडलेल्या उतारावर सकाळपासूनच चढता वारा सुरू होतो, ताशी ५ ते १२ किमी. दुपारनंतर त्यात दरीतून वर येणारा वारा मिसळतो, तो २० च्या पुढेही जातो. सूर्य कलल्यावर तासा-दीड तासाची शांतता, मग उतरता वारा, हलका, ताशी ३ ते ८ किमी. नैऋत्य उताराला सगळ्यात जास्त ऊन दुपारी मिळतं, नेमकं तेव्हाच जळण सगळ्यात कोरडं असतं आणि चढता वारा सगळ्यात जोरात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, साधारण २ ते ६ दरम्यान. अंदाजातले १० ते १५ किमी हे मोकळ्या, सपाट जागेवर १० मीटर उंचीवरचे असतात. दाट झाडीत जमिनीलगत त्याचा एखादा पाचवा हिस्सा उरतो, पण खिंडीत आणि घळीत वारा चोंदून दुप्पटही होऊ शकतो.

उताराचा हिशेब वेगळा. चढावर दर १० अंशांना आगीचा वेग अंदाजे दुप्पट होतो. तुमच्या २० अंशांवर सपाटीच्या चौपट. ज्वाळा उताराकडे झुकतात आणि वरचं गवत आधीच वाळवून, तापवून ठेवतात. उतरत्या दिशेने आग मंद असते, पण पेटलेले ओंडके आणि पाइनचे कोन घरंगळत खाली जाऊन वस्तीच्या खालच्या बाजूला नवी आग लावतात, आणि ती वर चढते.

अमेरिकेत मॉन्टानातल्या मॅन गल्च या घळीत ५ ऑगस्ट १९४९ ला हेच झालं. ऑगस्टची कडक दुपार, वाळलेलं गवत, तीव्र उतार. उतरून आगीच्या मागे, नदीच्या बाजूला जाण्याचा अग्निशामकांच्या तुकडीचा बेत होता. ठिणग्यांनी आग घळीच्या तोंडाशी, त्यांच्या खाली पेटली आणि गवतातून वर धावली. चढावर माणसाचा वेग घटतो, आगीचा वाढतो. १३ जण गेले. तुकडीचा प्रमुख वॅग डॉज वाचला, कारण त्याने समोरचं गवत मुद्दाम पेटवून दिलं आणि त्या जळलेल्या तुकड्यात पालथा पडून राहिला.

पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट रोज बघा: कोरडी शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड. उन्हाळ्याच्या अखेरीस अशा आघाड्या पाऊस न आणता नुसता वारा आणतात. उत्तर गोलार्धात वारा साधारण नैऋत्येकडून वायव्येकडे काही मिनिटांत वळतो. आग लांब आणि अरुंद पसरली असेल तर तिची लांब बाजू हीच आगीचं नवं तोंड बनते, आणि मैलभर लांबीची आग एकदम पुढे निघते. कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर ६ जुलै १९९४ ला १४ अग्निशामक गेले, ते असाच वारा फिरल्यानंतर. अंदाजात 'वारा वळणार' ही वेळ दिलेली असेल तर तिच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास उतारावर कुणीही काम करू नये.

---

मेघमाथा

वर विजेचं राहिलं, म्हणून पुरवणी. अंदाजात 'पाऊस नाही' असलं तरी 'दुपारी डोंगरावर गडगडाट' असा शब्द येतो का बघा. खालची हवा कोरडी असली की ढगाचा तळ फार उंच असतो, पाऊस निघतो पण वाटेतच वाफ होतो. ढगाखाली करड्या रेघा लोंबताना दिसतात आणि जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वीज मात्र पोचते. २.५ मिमीपेक्षा कमी पावसाची वीज ही कोरडी वीज धरतात. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच कोरड्या विजांनी एकाच वेळी शेकडो आगी लावल्या.

वीज पडलेलं झाड लगेच पेटेलच असं नाही. बुंध्याच्या आत किंवा मुळाशी कुजक्या थरात ती कित्येक दिवस धुमसते आणि पहिल्या कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी वर येते. म्हणून वादळानंतर किमान तीन दिवस रोज सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमाराला समोरच्या सोंडेवरून दुर्बिणीने उतार तपासा. सकाळचा दरीतला पांढरा पुंजका धुकंही असू शकतो. तो नऊनंतरही एकाच ठिकाणाहून निघत असेल आणि निळसर असेल तर धूर समजून कळवा.

दुसरा धोका खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचा. पाऊस वाफ होताना हवा थंड होते, जड होऊन आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. ताशी ६० ते १०० किमीचे झोत, आणि ते वादळापासून कित्येक किमी दूरही पोचतात. डोक्यावर निळं आकाश असतानाही.

उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या फर्म्स नकाशावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: व्हीआयआयआरएस आणि मोडिस ही उपग्रहांवरची दोन उपकरणं. व्हीआयआयआरएसचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, मोडिसचा १ किमीचा. ठिपका दिसतो तो त्या चौकोनाचा मध्य, आगीची जागा नव्हे. व्हीआयआयआरएसच्या फेऱ्या दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास होतात. तीन वाजता लागलेली आग संध्याकाळभर नकाशावर नसेल. ठिपका नाही याचा अर्थ आग नाही असा कधीच घेऊ नका.

---

जाळरेषा

आता घरांचं. बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत, उडत आलेल्या निखाऱ्यांनी जळतात. आग पुढे निघून गेल्यावर तासा-दोन तासांनी घर पेटतं, झाडं हिरवीच राहतात. म्हणून काम भिंतीपासून बाहेर करत जा, जंगलापासून आत नव्हे. एका आठवड्यात सगळं होणार नाही, हाच क्रम पाळा.

पहिलं म्हणजे भिंतीपासून दीड मीटर. इथे जळेल असं काहीही नको: पाचोळा, लाकडाचा भुसा, पायपुसणी, झाडू, शोभेची झुडपं, भिंतीला टेकवलेली फळी. छपराच्या पन्हाळीतल्या सुया हाताने काढा. छपराचे कोपरे, जिथे दोन उतार मिळतात, तिथे सुया साचतात, ते विसरू नका. लाकडी ओटा असेल तर त्याच्या खालची जागा रिकामी आणि त्याच्या फटींतला कचरा पोलादी पट्टीने खरवडून काढा. हवेच्या झरोक्यांना ३ मिमी भोकांची धातूची जाळी लावा. ६ मिमीच्या जाळीतून निखारे आत जातात, प्लॅस्टिकची जाळी वितळते. हे काम एका दिवसाचं आहे आणि सगळ्यात जास्त फळ देतं.

मग दीड ते ९ मीटर. सरपणाची रास ९ मीटरच्या पलीकडे, आणि घराच्या खालच्या अंगाला कधीही नको, कारण ती पेटली तर ज्वाळा घराकडेच चढतात. गॅसच्या टाकीभोवती ३ मीटर मोकळी माती. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून २ ते ३ मीटरपर्यंत छाटा. झाड लहान असेल तर उंचीच्या एक तृतीयांशापर्यंतच, नाहीतर झाड मरतं आणि तुमचंच वाळकं जळण वाढतं. झाडाखाली झुडूप असेल तर झुडपाच्या उंचीच्या तिप्पट अंतर वर मोकळं हवं. दीड मीटरच्या झुडपावर साडेचार मीटर. एवढं जमत नसेल तर झुडूपच काढा.

त्यापुढे ३० मीटरपर्यंत, पण तुमचा उतार २० अंशांचा, म्हणजे ३६% आहे. खालच्या अंगाला ते ४५ ते ६० मीटर धरा. सपाटीवर झुडपांमध्ये उंचीच्या दुप्पट अंतर चालतं, २० ते ४०% उतारावर चौपट लागतं, ४०% च्या वर सहापट. झाडांच्या शेंड्यांमध्ये याच क्रमाने ३, ६ आणि ९ मीटर. तुमच्याकडे म्हणून ६ मीटर.

गवत १० सेंमीपर्यंत कापा. त्याहून खाली गेलात तर पातं दगडाला लागतं. कापलेलं तिथेच पसरून ठेवू नका, गोळा करून उचला.

पण कापायचं कधी आणि कशाने, यावरच या आठवड्यात सगळं अवलंबून आहे. पोलादी पात्याने दगडावर उडालेली ठिणगी ५% ओलाव्याच्या गवतात पडली तर आग तुम्हीच लावाल. नायलॉनच्या दोरीचं यंत्र घ्या, सकाळी दहाच्या आत काम संपवा, आर्द्रता ४०% च्या खाली आली किंवा वाऱ्याने फांद्या सतत हलू लागल्या की थांबा. पाठीवरची २० लिटरची पाण्याची टाकी आणि फावडं कापणाऱ्याजवळ नव्हे, वरच्या अंगाला उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या, कारण आग त्याच दिशेला जाईल. करवत किंवा कापणी यंत्र गरम असताना तेल भरू नका, दहा मिनिटं थांबा, आणि भरलेल्या जागेपासून ३ मीटर लांब जाऊन सुरू करा. धूर बाहेर पडतो तिथली ठिणगी अडवणारी जाळी फाटलेली नाही ना बघा. काम संपल्यावर तासभर एकाने तिथेच थांबायचं. धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

गाडी वाळक्या गवतात उभी करू नका. खालचं धूर शुद्ध करणारं उत्प्रेरक यंत्र गवत पेटवण्याइतकं तापतं. गाडीमागे लोंबणारी साखळी रस्त्यावर घासत गेली तर ठिणग्यांची रांगच लागते.

---

थेंबथेंब

एवढं करण्यापेक्षा छपरावर फवारे लावून ठेवले तर? आणि घराखालचं गवत पहाटे, वारा नसताना, थोडं थोडं जाळून टाकलं तर कापायचा प्रश्नच मिटेल ना?

---

जाळरेषा

फवारे वाईट नाहीत, पण त्यांच्यावर विसंबू नका. आग जवळ आली की वीज जाते, पंप बंद पडतो. सगळ्यांनी एकदम नळ उघडले तर दाब उतरतो आणि अग्निशामकांनाच पाणी मिळत नाही. दोन तास आधी ओलं केलेलं छप्पर २०% आर्द्रतेत आणि वाऱ्यात अर्ध्या तासात कोरडं होतं. पाण्याची टाकी आणि स्वतःचा डिझेल पंप असेल तर लावा, पण पन्हाळी आधी साफ करा.

जाळायचं मात्र या काळात अजिबात नाही. पहाटेची शांतता तुमच्या पट्ट्यात वाराखूण यांनी सांगितलेल्या उबदार थरात असते, गवत तेव्हाही पुरेसं कोरडं असतं. सुयांच्या थरात आणि मुळांत शिरलेली आग विझली असं वाटतं, ती दहा वाजता थर फुटल्यावर वर येते. मुद्दाम जाळायचं काम पावसाळी ओल टिकून असते त्या ऋतूत, परवानगीने, चारही बाजूंना रेषा काढून, प्रशिक्षित माणसं हाताशी धरून करतात.

उरलेले निखारे आणि राख चार दिवसांपर्यंत पेटती राहू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, लाकडी ओट्यापासून लांब ठेवा. बाहेर शेकोटी झालीच असेल तर पाणी ओता, फावड्याने ढवळा, पुन्हा ओता, मग हाताच्या मागच्या बाजूने राख चाचपा. ऊब लागली तर अजून पेटलेली आहे. मातीने बुजवू नका. खाली मुळं धुमसत राहतात.

---

उतारवस्ती

कापणी उद्यापासून सकाळी सातला सुरू करतोय. शेवटचं विचारायचं होतं: रस्ता एकच आहे आणि तो ओढ्याकडे उतरतो. खालूनच आग आली तर माणसांनी वर सोंडेकडे जायचं की घरात थांबायचं?

---

वाराखूण

वर सोंडेकडे नाही. तुमच्या उतारावर वर पळणं म्हणजे आगीशी शर्यत, आणि घळीतून गेलात तर धुरांड्यातून चढल्यासारखं. खिंडही टाळा. आडवं, उताराच्या बाजूने, आगीच्या मार्गाबाहेर जा. जळून गेलेला, थंड होत आलेला भाग मिळाला तर तोच सर्वांत सुरक्षित, फक्त वर उभी पेटलेली झाडं आणि घरंगळणारे ओंडके बघा.

मोकळी जागा आजच ठरवून ठेवा. सपाटीवर, वारा नसताना, ज्वाळेच्या उंचीच्या चौपट अंतर माणसापासून आगीपर्यंत हवं. ५ मीटरच्या ज्वाळेला २० मीटर, म्हणजे जागा किमान ४० मीटर रुंद. हा हिशेब फक्त उष्ण किरणांचा आहे. उतारावर आणि वाऱ्यात गरम हवाही अंगावर येते, तिथे हे दुप्पट धरा. खडकाळ माळ, नांगरलेलं शेत किंवा रुंद खडीचं आवार असेल तर पाऊल टाकून मोजा.

---

जाळरेषा

आणि खरं उत्तर वेळेत निघणं हेच आहे. ज्या दिवशी पातळी सगळ्यात वरची असेल आणि 'वारा वळणार' असा अंदाज असेल, त्या दिवशी लहान मुलं, वयस्कर माणसं आणि जनावरं सकाळी दहाच्या आतच खाली न्या, धूर दिसायची वाट न बघता. गाड्या तोंड रस्त्याकडे करून, टाकी निम्म्याच्या वर भरून उभ्या करा. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे, पूर्ण बाह्या, चामड्याचे बूट. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

रस्ता बंद झाला आणि घराभोवतालचं काम झालेलं असेल, तर उघड्यावर धावण्यापेक्षा घरात थांबणं बरं. दारं-खिडक्या बंद, पडदे काढून टाका, न्हाणीघरात आणि बादल्यांत पाणी भरून ठेवा, आगीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत थांबा, पण ज्या खोलीला बाहेर पडायचं दार आहे तिथेच. ज्वाळांचा मुख्य लोट जमिनीवर काही मिनिटांत पुढे जातो. तो गेला की बाहेर पडून ओटा, पन्हाळी आणि पोटमाळ्याचे झरोके तपासायला सुरुवात करा, आणि पुढचे सहा-आठ तास दर पंधरा मिनिटांनी एक फेरी चालू ठेवा.

गाडीत अडकलात तर झाडीपासून लांब, रस्त्याच्या मोकळ्या भागात थांबा, काचा आणि हवेचे झरोके बंद करा, दिवे चालू ठेवा, खिडकीच्या पातळीखाली झोपून लोकरी घोंगडी अंगावर ओढा. दाट धुरात गाडी दामटू नका. समोरून येणाऱ्या गाडीवर आदळलात तर तोच एक रस्ता सगळ्यांसाठी बंद होतो.